आरओ आणण्याआधी

माझ्या काकूने उभं आयुष्य अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात शाळेत शिकवण्यात घालवलं. बाबांनी पुण्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. पाण्याबद्दल दोघांची मतं पक्की आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. चुलतभावाने सिंहगड रस्त्याच्या बाजूला फ्लॅट घेतला, काकू त्याच्याकडे राहायला आली आणि स्वयंपाकघरात आरओ कोणता बसवायचा यावर दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. ते इथे मांडते आहे, कारण या विषयावर आपल्याशी बोलणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी विकायला आलेला असतो. या दोघांना काही विकायचं नव्हतं.

काकू : भाऊजी, मला भरपूर टप्प्यांचं मशीन हवंय. दुकानात नऊ टप्प्यांचं दाखवलं. आरओ, यूव्ही, यूएफ, कॉपर, अल्कलाइन, सगळं एकातच.

बाबा : टप्प्यांचं नंतर बघू, वहिनी. त्या घरात नळाला पाणी कुठलं येतं?

काकू : महापालिकेचं. उन्हाळ्यात टँकर.

बाबा : म्हणजे दोन वेगळी पाणी आहेत, आणि दोघांचा विचार वेगळा करायला हवा. महापालिकेचं पाणी खडकवासल्याचं. घाटावर पडलेला पाऊस धरणात साठतो, तेच आपण पितो. त्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, फार तर लिटरला शंभर-दीडशे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. ते ५०० पर्यंतचं पाणी चांगलं मानतं, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. मग शंभराच्या पाण्यातून आरओने काढायचं काय?

काकू : हे पाचशे आणि दोन हजार तुम्ही कागदावर वाचले. आम्ही प्यायलो आहोत. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून केवढा खारपाणपट्टा आहे! विहीर खोदा, खारं. बोअर मारा, खारं. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ८४ खेडी योजनेतून वान धरणाचं पाणी आलं की सणासारखं वाटायचं, आणि नाही आलं की पुन्हा बोअर. किडनीच्या आजाराने गेलेली गावातली माणसं मला नावानिशी आठवतात. आमच्या घरात आरओ आला त्या दिवसापासून मी दुसरं पाणी तोंडाला लावलं नाही. आता तुम्ही म्हणता काढायचं काय!

बाबा : तिथे आरओ हवाच. त्याबद्दल माझा वाद नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड आहे तिथेही हवा. तिथे उकळून, गाळून, तुरटी फिरवून काही होत नाही, कारण जे विरघळलेलं आहे ते कापडाने अडत नाही आणि उकळीने उडत नाही. उलट पाणी आटतं आणि क्षार मागे राहतात. पण ते औषध त्या पाण्याचं. आरओमधला पडदा, म्हणजे मेंब्रेन, मुळात कशासाठी शोधला गेला ते माहीत आहे? समुद्राचं पाणी गोडं करायला. सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी साधारण १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तो बनवला. आपण तो खडकवासल्याच्या पाण्याला लावतो.

काकू : आणि जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रस्त्यावर काय झालं? नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी. गुलियन बारे या आजाराचे रुग्ण म्हणून रोज टीव्हीवर नावं यायची या भागाची. तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं खडकवासल्याचं गोडं पाणी? माझा मुलगा तिथे घर घेतो आणि मी साधं फिल्टर लावू?

इथे बाबा थोडा वेळ गप्प राहिले. काकूची भीती खरी होती. ती उडवून लावण्यासारखी नव्हती आणि त्यांनी उडवली नाही.

बाबा : त्या साथीत दूषित पाण्यावर बोट होतं ते जंतूंमुळे, वहिनी. कॅम्पिलोबॅक्टर, नोरोव्हायरस ही नावं तपासण्यांत निघाली. जंतू आणि क्षार हे दोन वेगळे शत्रू आहेत, आणि दुकानदार दोघांना एकच मीटर लावतो. तो मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. सांडपाणी मिसळलेलं पाणीसुद्धा त्यावर १२० दाखवू शकतं, आणि माणूस समाधानाने पितो. त्याच दिवसांत महापालिकेने त्या भागातले खाजगी आरओ प्लांट तपासले, तर त्यांतल्याही पाण्यात खोट निघाली आणि प्लांट बंद करावे लागले. नाव आरओच होतं ना त्यांचं?

काकू : मग जंतूंना काय?

बाबा : खळखळून उकळी. ती सगळ्यात भरवशाची. नाहीतर यूव्हीचा दिवा, पण पाणी नितळ असेल तरच. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला राहतात. यूएफची नळकांडी जिवाणू अडवते आणि तिला वीज लागत नाही. महापालिकेच्या पाण्याला एवढं पुरे.

काकू : पुरे म्हणता, पण तुम्ही फक्त महापालिकेचं बोलताय. टँकरचं काय? तो कुठून भरतो ते मालकालाही ठाऊक नसतं.

हा मुद्दा बिनतोड होता. बाबांनी आपला जुना मीटर काढला आणि आम्ही त्या फ्लॅटवर गेलो. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र पडतात. टँकर नुकतेच सुरू झाले होते. सकाळी आकडा शंभराच्या थोडा वर होता, संध्याकाळी टँकर रिकामा झाल्यावर सहाशेच्या पलीकडे गेला. एकाच नळाला एकाच दिवशी. पुण्याच्या कडेकडेने वाढलेल्या शेकडो सोसायट्यांची हीच गत आहे, आणि ‘तुमच्या भागात टीडीएस किती?’ या प्रश्नाला तिथे एक उत्तर नसतंच.

बाबा : हरलो. हे बोअरचं पाणी आहे, दख्खनच्या काळ्या पत्थरातलं. कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, म्हणजे जड पाणी. शिवाय भोवती वस्ती आणि शेती, म्हणून नायट्रेटही एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. मानकात त्याची मर्यादा ४५ आहे आणि तिथे सवलत नाही. नायट्रेट असेल तर यूव्हीचा आणि उकळीचा उपयोग शून्य. तिथे आरओच.

काकू : मग नऊ टप्पे?

बाबा : चार-पाच. बाहेर भिंतीवर एक बाऊल, त्यात पाच मायक्रॉनची स्पन कँडल, गाळ अडवायला. मग कार्बन, मग मेंब्रेन, शेवटी यूव्ही किंवा यूएफ. पाणी फारच जड असेल तर मेंब्रेनच्या आधी क्षारांचा थर बसू न देणारं एक अँटिस्केलंट. मेंब्रेनच्या पुढे जितक्या नळकांड्या वाढवाल तितकी जंतूंना बसायला जागा वाढते, कारण तिथवर क्लोरिन उरलेलंच नसतं. कॉपर-अल्कलाइनवर जे पैसे जातील त्यांत दोन वर्षांच्या कँडली येतील.

काकू : आणि खनिजं? सगळे म्हणतात आरओच्या पाण्यात खनिजं राहत नाहीत.

बाबा : खनिजं आपल्याला मुख्यतः भाकरी, डाळ, दूध, पालेभाजीतून मिळतात. त्या मुद्द्यावर मी आरओला नाही म्हणणार नाही. चव सपक लागते एवढं खरं. पण त्या नावाखाली मशीनमध्ये जो टीडीएस कंट्रोलर बसवतात, तो नीट समजून घ्या. तो खनिजं घालत नाही. तो मेंब्रेनला वळसा घालून मूळचं पाणी थोडं थोडं आत सोडतो. मूळ पाण्यात नायट्रेट असेल तर तेही येतं, फ्लोराइड असेल तर तेही. टँकरच्या दिवसांत तो पूर्ण बंद. महापालिकेचं पाणी असेल तेव्हा उघडा.

काकू : आमच्या गावी मेकॅनिक यायचा, स्क्रू फिरवायचा आणि म्हणायचा, घ्या मॅडम, गोड करून दिलं.

बाबा : आणि आकडा कधी विचारलात?

काकू : नाही. विश्वास होता.

इथून पुढचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मशीन निवडणं एका दुपारचं काम आहे. ते सांभाळणं वर्षानुवर्षांचं, आणि घरोघरी नेमकं तेच राहून जातं. बाबांनी कागदावर चौकोन काढून काकूला पाण्याची वाट दाखवली.

बाबा : मशीनमधली सगळ्यात महाग वस्तू मेंब्रेन. तिच्या आधीची प्रत्येक नळकांडी तिची राखण करते. स्पन कँडल शे-दीडशे रुपयांची. ती तुंबली की पंपाला पाणी कमी पडतं आणि तो कण्हायला लागतो. ती डोळ्यांनी दिसते, पांढऱ्याची तपकिरी होते, म्हणून लोक ती बदलतात. फसवतो तो कार्बन. कार्बन क्लोरिन पकडतो. लोएब आणि सौरिराजन यांचं मेंब्रेन सेल्युलोज अॅसिटेटचं होतं, त्याला क्लोरिन थोडंफार सोसायचं. आजचं पॉलिअमाइडचं आहे, त्याला क्लोरिन खातं. कार्बन संपला तरी तो दिसायला तसाच काळा, पाणी दिसायला तसंच नितळ, आणि आत मेंब्रेन रोज थोडं थोडं जळत असतं. तुमच्या सोसायटीत तर टँकरचं पाणी म्हणून वॉचमन टाकीत मूठमूठ क्लोरिनची टीसीएल पावडर टाकत असेल.

काकू : टाकतो. वास येतो कधी कधी.

बाबा : त्या वासाच्या दिवशी तुमचा कार्बन कामाला लागतो. आणि तो संपला की नाही हे बघायला कंपनीचा माणूस नको. तुमच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक ओटी टेस्ट करायचा, आठवतं?

काकू : काऊन नाही आठवणार? शाळेच्या नळावर माझ्यासमोर करायचा. नळीत पाणी, वरून थेंब, पिवळं झालं की क्लोरिन आहे. पिवळं झालं की तो खूश व्हायचा.

बाबा : तीच टेस्ट इथे उलटी वाचायची. नळाच्या पाण्याला पिवळा रंग यायला हवा, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असायला हवं. कार्बनच्या पुढच्या पाण्याला मात्र रंग यायला नको. तिथेही पिवळं झालं, तर कार्बन त्याच दिवशी बदला. मेंब्रेनचे दीड-दोन हजार वाचतील.

काकूने हे लगेच वहीत लिहून घेतलं. अनेक वर्षं आरओ वापरूनही कार्बनचं काम काय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दर वर्षी पैसे घेऊन जाणाऱ्यानेही नाही.

काकू : आणि मेंब्रेन गेलं हे कशावरून कळायचं? तो वर्षाला बदला म्हणतो.

बाबा : वर्ष कुठून आलं? गोड्या पाण्यावर दोन-तीन वर्षंही जातं, जड पाण्यावर राखण नसेल तर सहा महिन्यांत मरतं. मोजायचं. कंट्रोलर बंद करा, थोडं पाणी जाऊ द्या, मग आत येणाऱ्या पाण्याचा आकडा आणि मेंब्रेनमधून निघणाऱ्या पाण्याचा आकडा घ्या. आत सहाशे, बाहेर चाळीस, तर उत्तम. बाहेर साठ-सत्तर झाले तरी ठीक. शंभराच्या वर जायला लागलं तर तयारी करा. नवीन मेंब्रेन बसवल्यावर पहिली टाकी ओतून द्या आणि दुसऱ्या टाकीचा आकडा लिहून ठेवा. तोच पुढे तुलनेला लागतो. आणि डिसेंबरात पाणी हळू यायला लागलं म्हणून घाबरून बदलू नका. पाणी गार झालं की मेंब्रेनमधून कमी झिरपतं, दर अंशाला साधारण तीन टक्के. फेब्रुवारीत आपोआप वाढतं.

काकू : वेस्ट पाण्याचं सांगा. मला त्याचंच वाईट वाटतं. आमच्याकडे लोक दोन-दोन कोस हंडे वाहायचे आणि इथे एका ग्लासामागे तीन ग्लास मोरीत.

बाबा : माझा मुख्य राग तोच आहे. पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरा, तर साठ लिटर बाहेर. महिन्याला अठराशे लिटर, आणि तेही टँकरचे पैसे देऊन आणलेलं. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सरकारला सांगितलं ते याचसाठी, की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ बंद करा, आणि जिथे लागतो तिथे निदान ६० टक्के पाणी हाती आलं पाहिजे.

काकू : मग वेस्ट कमी करून मिळतं का? शेजारच्या बाई सांगत होत्या, त्यांचं वेस्ट आता अगदी थेंब थेंब येतं.

बाबा : त्यांना आजच सांगा, मशीन बंद ठेवा आणि मेकॅनिक बोलवा! वेस्टच्या नळीत एक बारीक छिद्राचा तुकडा असतो, फ्लो रिस्ट्रिक्टर. तो क्षारांनी तुंबला की वेस्ट कमी होतं, सगळे क्षार मेंब्रेनवरच बसतात आणि त्याचा दगड होतो. जड पाण्याला वेस्ट लागतंच, ते मेंब्रेनला धूत असतं. महिन्यातून एकदा मापाचं भांडं घ्या. एक लिटर शुद्ध पाणी येईपर्यंत वेस्ट किती लिटर आलं ते बघा. एकदम कमी झालं तर रिस्ट्रिक्टर, एकदम वाढलं तर तोही नाहीतर मेंब्रेन.

काकू : आणि वेस्ट वापरायचं कुठे? मी तुळशीला घालायचे गावी, माती पांढरी पडायची.

बाबा : पडणारच. चारातलं एक लिटर गोडं काढून घेतलं की उरलेल्या तीन लिटरांत सगळे क्षार. दोन हजाराचं पाणी असेल तर वेस्ट अडीच हजाराच्या वर. ते फरशीला, संडासाला. इथे टँकरच्या दिवसांत सहाशेचं आठशे होईल, तेही फरशीलाच. पण महापालिकेचं पाणी असेल तेव्हा शंभराचं एकशे तीस. ते तुळशीला घाला, भांड्यांना वापरा, काही बिघडत नाही. आणि जरा विचार करा, जे वेस्ट क्षारांच्या हिशेबाने मानकात आरामात बसतं, त्याच्या मूळ पाण्याला आरओ कशाला हवा होता?

काकू हसली, पण मान्य केलं नाही. तिचं म्हणणं असं की दोन पाण्यांसाठी दोन मशीनं कोणी घेत नाही, आणि आठ महिने बंद ठेवलेला आरओ तर आणखी वाईट. यात ती बरोबर होती. बंद मेंब्रेनवर जंतूंचा थर बसतो, टाकी बुळबुळीत होते. चार दिवस गावाला जाऊन आलं तरी टाकीतलं पाणी ओतून पहिली भरलेली टाकी सोडून द्यावी लागते. शेवटी ठरलं ते असं : एकच साधा आरओ, शेवटी यूव्ही, आणि कंट्रोलरचा स्क्रू घरच्यांनी फिरवायचा. टँकर नसताना उघडा, टँकर आला की बंद. वेस्ट बादलीत.

बाबा : पण फिरवणार कोण? तुमचा मुलगा रात्री नऊला येतो.

काकू : मी. शाळेत हजेरी घेतली तशी पाण्याची घेईन. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितोच की आपण, त्याखाली दोन आकडे, आतला आणि बाहेरचा. दर रविवारी. कँडल जूनच्या पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीत. कार्बन सहा महिन्यांनी. तारीख ठरवली की विसरत नाही माणूस.

बाबा : कँडलला तारीख नको. बाऊल पारदर्शक घ्या आणि बघा. टँकरच्या महिन्यात ती तीन आठवड्यांत भरेल, एरवी पाच महिने जाईल.

काकू : तुम्ही प्रयोगशाळेतले, तुम्हाला बघायची सवय. घरातली बाई रोज बघत नाही, पण तारीख पाळते. आणि तुम्हीच म्हणालात ना, कार्बन बघून कळत नाही?

बाबा : कार्बनला तारीख. मान्य. पण ओटी मध्ये मध्ये करायचीच.

काकू : बरं. आणि मेकॅनिक येईल तेव्हा?

बाबा : तेव्हा समोर बसा. जुनी नळकांडी तुमच्या हातात मागा. नव्यावर मार्करने तारीख घाला, आणि बाण पाण्याच्या दिशेला आहे ना ते बघा. बाऊल उघडला की त्याचं रबर, ओ-रिंग, पुसून बसवायला लावा, नाहीतर रात्री स्वयंपाकघरात पाणी. टाकी धुवून घ्या. ती कोणी धूत नाही. आणि त्याने मेंब्रेन बदला म्हटलं की आधी कालनिर्णय दाखवा.

काकू : तो परवा येतोय बसवायला. ती ओटीची बाटली इथे मिळते कुठे?

बाबा : आमच्या कपाटात आहे. जुनी झाली असेल. उद्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून नवी आणतो. हाताला लागू देऊ नका, आणि तपासलेलं पाणी मोरीतच ओता.

काकू : दोन आणा. एक शेजारच्या बाईंना.